दूधविनायकात फुकटची सीडी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नलूचा फोन आला, "आमचा कॉम्प्युटरचा वर्ग बंद करतायत गं. तू ये." नलू माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, लग्न होऊन काशीला गेलेली, तिथल्या छोट्या शाळेत शिकवणारी. मशिनींवरचं सॉफ्टवेअर चोरून कॉपी केलेलं, पकडले जाण्याची संस्थेला भीती, विकतचं परवडेना. पुण्यात मी मुलींना लिनक्सवर शिकवायचे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं नि वाटावं अशा सॉफ्टवेअरवर. त्याची सीडी पर्समध्ये घातली नि निघाले.

मुगलसरायला उतरलात तर रिक्षाचं भाडं आधी ठरवा. मी ठरवलं होतं, तरी गंगेच्या पुलावर "सामान का अलग" निघालंच. गोदौलिया चौकापुढे पायीच जायचं. "मंदिर बंद है, इधर से आइए," म्हणत एकजण चिकटला; मंदिर उघडं होतं. नलू राहायची त्या दूधविनायकाच्या मराठी वस्तीतल्या गल्लीत शिरेपर्यंत मी पर्स पोटाशी धरली होती.

सकाळी गरम कचौडी-जिलबी खाऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापक दीक्षित गुरुजी वैदिक घराण्यातले. त्यांनी सीडीला हातही लावला नाही.

"देतं कोण हे?"

"जगभरची माणसं. फुकट."

"ताई, काशीत फुकट घ्यायला माणूस घाबरतो. दान घेतलं की देणाऱ्याचं पापही येतं. ह्यांचं काय पाप आहे, पता आहे तुम्हाला?"

मी सहकार्य, स्वातंत्र्य वगैरे बोलले.

"कॉन्व्हेंटच्या ना तुम्ही? गोड बोलता."

संध्याकाळी संकठा घाटावर नलू पायऱ्यांवर बसली. मग म्हणाली, "मशिनी विकतील. माझ्या मुली पुस्तकातलं कॉम्प्युटरचं चित्र रंगवत बसतील." थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुजी घरी मुलांना वेद शिकवतात. एक पैसा घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "गुरुजी, तुम्ही वेद शिकवता ते दान का?"

"छे. ती विद्या. घेतली की पुढे द्यायची."

"हेही पुढे देता येतं," नलू म्हणाली. "देणाऱ्याला कुणी अडवू शकत नाही. आतलं सगळं वाचता येतं, चूक दिसली तर सुधारता येते."

"वेदात सुधारत नाहीत," गुरुजी कोरडेपणाने म्हणाले. मग सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहत म्हणाले, "एकाच मशिनीवर टाका, बाकीच्या बंद ठेवा. मी समोर बसणार. दिवाळीपर्यंत वर्ग चालू दे, मग बघू."

ते बसलेही. पडद्यावर प्रत्येक नवी ओळ आली की, "थांबा. हे काय विचारतंय?"

पुण्यात परतल्यावर मला आमच्याकडच्या शाळा आठवल्या. तिथेही मी अशा सीड्या वाटल्या होत्या; सगळ्यांनी हसून "वा, छान" म्हणत सीडी घेतली नि कपाटात ठेवली. ती कुणाची, आत काय आहे, एकानेही विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर नलूला फोन केला.

"रोज दुपारी येऊन बसतात," ती म्हणाली. "मुलींना विचारतात, आज ह्याने आत काय केलं? अजून भरवसा नाही म्हणे."

"आणि वर्ग?"

"त्यांचा संशय फिटेपर्यंत तरी बंद नाही करणार."

तो लवकर फिटू नये, असं मला मनापासून वाटलं.