यात गहू आहे का?

आमच्या वरच्या क्वार्टरमधले भाऊजी मूळचे सोलापूरचे. चंदीगडला बदली होऊन आले तेव्हापासून पाहते, खाण्याची कुठलीही वस्तू पुढे केली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, यात गहू आहे का? दूध?"

त्यांची मुलगी स्वमग्न आहे. गहू-दूध बंद करून पोट सुधारलं की तीही सुधारेल, असं कुणीतरी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याची खात्री कुणी देऊ शकत नाही." तरी घरातून दोन्ही गेलं. लेकीला एकटीलाच पथ्य कसं लावायचं, म्हणून भाऊजींनीही सोडलं. आता ते सोलापूरहून ज्वारीचं पीठ सुटकेसमध्ये भरून आणतात. शेजारच्या सरदारजींनी पराठा पुढे केला की हात जोडून म्हणतात, "आज व्रत है जी." सरदारजींच्या लेखी हा माणूस फार मोठा भक्त आहे.

परवा बापलेक दोघं आमच्याकडे आले होते. टेबलावर शंकरपाळ्यांचा डबा उघडाच राहिला होता. नेहमी खिडकीशीच बसणारी ती पोर उठली, डब्यातला एक शंकरपाळा उचलून तिने वडिलांच्या ओठांशी धरला. तिने कुणाला काही भरवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींनीही नसावं.

त्यांनी निमूट तोंड उघडलं. काहीही न विचारता.