परतीच्या रकान्यातलं नाव

मंडळी, लातूरचं स्टेशन मला लांब पडतं, म्हणून आज सकाळी गावातल्या आरक्षणाच्या खिडकीवर गेलो होतो.

रांगेत शिरूर अनंतपाळचे एक म्हातारे चाचा होते. "बेटा, चष्मा घरीच राहिला. माझा फारम भरून दे."

त्यांना उद्याच मुंबईला निघायचं होतं. चाची तिथं दवाखान्यात, लेक सोबत. जायच्या रकान्यात मी चाचांचं नाव लिहिलं. परतीच्या रकान्यात न विचारताच दोघांचं. चाचीचं नाव-वय त्यांच्याजवळच्या दवाखान्याच्या कागदावरून उतरवलं. आणायलाच चाललेत, असं मीच धरून चाललो.

वाचून दाखवल्यावर चाचा म्हणाले, "परतीतून तिचं नाव काट बेटा. आनायला न्हाई, भेटायला जाऊन राहिलो. डाक्टरनं हात टेकले. माती तिथंच द्यायचं ठरलंय."

चाची अजून जिवंत आहेत, आणि त्यांच्या नावावर रेघ मी मारली. स्वतःचा लई राग आला.

तिकिटं हातात आली. चाचांनी ती माझ्यापुढं धरली. "दोन्ही पक्की हायेत ना?"

जायचं वेटिंग होतं. परतीचं, एकट्याचं, कन्फर्म.

तुम्हीच सांगा, हे त्यांना कसं वाचून दाखवायचं?