लाभ, दोन, तीन

माझ्या लग्नाला माझाच बाप नाही, असं एका मशीननं ठरवलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी खालापूरजवळच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे, दादा, म्हणजे माझे वडील, तिथंच बॉयलरवर. लग्न रविवारी धरलं ते दादाची सुट्टी रविवारची म्हणूनच. बॉयलर सोडून वेगळी रजा मिळायची तर देव पावायला हवा.

कुणाला कोणत्या वारी सुट्टी, तो तक्ता एपीएल नावाच्या भाषेत लिहिलेला. भाषा कसली, शाईत पाय बुडवून मुंग्यांनी घातलेली फुगडी! मुंबईच्या मोठ्या मशीनवर तो सुखानं चालायचा. मग आमच्याकडे नवं छोटं मशीन आलं. त्यात त्याच भाषेचा दुसरा इंटरप्रिटर, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनला समजावणारा दुभाष्या. यादीतल्या शेवटच्या माणसापाशी तो अडला, 'इंडेक्स एरर' म्हणाला. म्हणजे, या नंबरावर वारच नाही.

बिचारा खरं बोलत होता. पण आमचे सुपरवायझर! वारांच्या शेवटी त्यांनी आणखी एक वार चिकटवला आणि त्याचं तोंड बंद केलं.

"चालतंय ना? मग झालं!"

तक्ता लागला. यादीत दादाच्या बरोब्बर वर हेच महाशय. रविवार त्यांना, दादाला सोमवार. मी भांडले, तर म्हणे, मशीन कधी चुकतं का? फुकटचा रविवार मिळाल्यावर चूक कोण शोधतो!

घरी म्हटलं, मोठ्या साहेबांना सांगून बदलून घेते. दादा भडकला.

"पोरगी मशीनवर हाय म्हनून मला सुट्टी नको गं. समद्यांचं चुकलं असंल तर दाखव, नायतर मी ड्यूटीवर."

असला बाप! मी चिडले, रडले, ताटावरून उठले.

ओटीवर आई गिरणीला न्यायचं भात मोजत होती. पहिलं माप ओतताना म्हणाली, "लाभ." मग दोन, तीन. आमच्याकडे पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. अगं बाई! आणि हा नवा दुभाष्याही पहिल्याला एक म्हणत नसला तर?

सकाळी कर्जतहून मिळेल त्या एसटीनं कारखाना गाठला. मशीनकडे एक नंबरचा वार मागितला, त्यानं दुसऱ्या माणसाचा दिला. शून्य नंबरचा मागितला, तेव्हा पहिल्याचा आला. जुना दुभाष्या एकापासून मोजायचा, हा शून्यापासून. नावं ओळीनं छापली जायची, वार मात्र नंबरानं उचलले जायचे, म्हणून ज्याला त्याला खालच्याची सुट्टी मिळत होती. मोजणी एकापासून कर, एवढी एक ओळ घातली, चिकटवलेला वार काढून फेकला आणि साहेबांना दाखवलं.

"म्हणजे माझाही वार चुकला होता?" साहेब ओरडले. मग काय, तासाभरात नवा तक्ता भिंतीवर! सुपरवायझरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मला गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

"समद्यांचं बदललं?" दादानं विचारलं.

"समद्यांचं."

रविवारी मांडवामागे पंगतीचे तांदूळ मोजायला दादा स्वतः बसला. पहिलं माप पातेल्यात ओतलं, हळद लावलेल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लाभ."

पुढचं दोन काही त्याच्या तोंडून निघेना. शेवटी आईनंच माप हातात घेतलं.