दातातला पदर

माझ्या थोरल्या जाऊबाई तानुबाई, आमच्या अक्का, झोपेत दात खायच्या. जात्यात खडा आला की कसा आवाज होतो, तसा. भिंतीपलीकडं मी झोपायचे, मला सगळं ऐकू यायचं. पोटात जंत असतील म्हणून वावडिंग देऊन झालं, कडुलिंबाचा रस देऊन झाला. शेजारची सोजरबाई म्हणाली, कुणावर तरी राग हाय, मनातल्या मनात दात-ओठ खाती. मी म्हणलं, बाई, राग काढायला तोंड लागतं. आमच्या अक्कांनी सासरी आल्यावर ते मिटलं, ते मिटलंच.

मी तशी न्हाई. मी अनिता, धाकटी. लग्न होऊन कासुर्डीत आले, तवा दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना, मारुतरावांना, तोंडावर विचारलं, "मामंजी, चहा गोड झालाय का?" अक्का चुलीपाशी बसल्या जागी थिजल्या. त्यांनी मामंजींशी कधी समोरासमोर शब्द काढला नव्हता. काही सांगायचं तर पोरांकरवी. ताट नेलं की बांगड्या वाजवायच्या, मामंजींनी समजायचं, थोरली आली. आन् डोक्यावरचा पदर ढळू नये म्हणून त्याचा काठ कायम दातात. धार काढायची, भाकरी थापायची, दोन्ही हात कामात, मग पदराला दातच उरतात. मामंजींनी जाच केला असं मी म्हणणार न्हाई. पन "राहू दे गं" असंही कधी म्हणले न्हाईत.

गेल्या साली काचबिंदूनं मामंजींची नजर गेली. त्यातच मोरीत पाय घसरून खुबा मोडला आन् ते पुढच्या खोलीतल्या कॉटवर आले. मी दिवसभर पोल्ट्रीवर कामाला, म्हणून त्यांचं सगळं अक्कांकडं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. एकदा मी म्हणलं, "अक्का, त्यांना आता दिसत न्हाई. कुणासाठी धरताय पदर?"

दातातला काठ न सोडता त्या म्हणाल्या, "त्यांना न्हाई दिसत. मला दिसतंय की."

मी भांडी घासायला घेतली.

दिवाळीनंतर म्हातारा बिघडला. अक्कांनी घास पुढं केला की "कोण हाय? कोण हाय तिथं?" म्हणून ओरडायचा, हात झटकायचा. अक्का बांगड्या वाजवायच्या, तसा आणखीच अंग चोरायचा. संध्याकाळी मी जाऊन "मामंजी, जेवा मुकाट्यानं," म्हणलं की जेवायचा. पन एका वेळच्या जेवणावर माणूस किती दिवस काढणार? वाळत चालला. घरात सगळे म्हणाले, भ्रम झालाय. अक्कांनी मात्र ते काळजाला लावून घेतलं. "जन्मभर अदब पाळली, आन् शेवटी माझ्याच हातचं नको झालं," एवढंच एकदा बोलल्या.

तिथनं त्यांचं दात खाणं वाढलं. सकाळी कानशिलं ठणकायची, मान वळायची न्हाई, तोंडात एक बोट जाईल एवढंच तोंड उघडायचं. भाकरी दुधात कुस्करून, तीही चार घास. एका घरात दोन माणसं उपाशी, आन् मी मधे उभी. मला लई वाईट वाटायचं, आन् वाईट वाटलं की मी चिडते. दाताचा डॉक्टर म्हणाला, दात झिजलेत, पन किडके न्हाईत. त्यानं रात्री लावायला प्लास्टिकची पट्टी दिली. ती अक्कांनी झोपेत चावून फोडली.

मग त्यांची लेक धनश्री आली. ती रांजणगावला कंपनीत हाय, कारेगावात राहती. उभं राहून तिची कंबर धरली व्हती, ती शिरूरच्या एका ऑस्टिओपॅथीवाल्या डॉक्टरीणबाईंनी सोडवली. गोळी न्हाई, सुई न्हाई, नुसत्या हातानं. मी म्हणलं, म्हंजी हाडवैद्यच की. धनश्री म्हणाली, "काकी, तू फक्त चल." चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे गेलो. अक्का वाटभर गालाला हात लावून.

डॉक्टरीणबाईंनी अक्कांना टेबलावर निजवलं. आधी कंबर, मग बरगड्या, मग मान, अशी सावकाश चाचपली. हातमोजा घालून बोट गालाच्या आतनं दाबलं, तसं अक्कांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. हळूहळू गाल सैल पडला. बाईंनी विचारलं, "दिवसा दातात काही धरता का?"

मी म्हणलं, "सुपारीसुद्धा खात न्हाईत."

तेवढ्यात एक म्हातारेबाबा चुकून पडदा सारून आत डोकावले. निजल्या निजल्या अक्कांनी पदर ओढला आन् काठ दातात गेला. बाईंचा हात अजून त्यांच्या जबड्यावरच व्हता.

"हे बघा, आत्ता," बाई म्हणाल्या. "दगड झाला."

अक्का लाजल्या. मी बाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंनी परत एकदा जबडा चाचपला. मग म्हणाल्या, "रात्रीचं सगळं दुखणं एवढ्यामुळंच, असं मी म्हणत नाही. मी दर आठवड्याला हे सैल करीन. पण घरी जाऊन तुम्ही परत आवळलंत, तर एक दिवस तोंड उघडायचंच बंद होईल. ओठ मिटा, दात मिटू नका."

घरी पोचलो तवा दिवे लागले व्हते. मी म्हणलं, मामंजींना मी भरवते. अक्का न्हाई म्हणाल्या. दूध-भाकरीची वाटी घेऊन त्या कॉटपाशी गेल्या, मी दारात. सवयीनं पदर तोंडाशी गेला. जबडा दुखरा व्हता, दात मिटंनात. काठ ओठांवरनं खाली घसरला.

बांगड्या वाजल्या. मामंजी भिंतीकडं सरकले. "कोण हाय?"

अक्का उभ्याच. मला वाटलं आपणच बोलावं. माझी जीभ कधी आवरत न्हाई, पन त्या दिवशी आवरली.

"मी हाय, मामंजी," अक्का म्हणाल्या. "तानू."

म्हाताऱ्यानं मान वळवली. "थोरली?"

"व्हय."

"मग एवढे दिस बोलली का न्हाईस गं? बांगड्या काय, सगळ्याच बायांच्या वाजत्यात. अंधारात नुसता हात यायचा तोंडापाशी. मला वाटायचं, न्यायलाच आलंय कोणी."

अक्का मटकन कॉटवर बसल्या. सासऱ्याच्या कॉटवर त्या पहिल्यांदाच बसल्या असतील. मला रडू आलं, ते मी लपवलं न्हाई. मामंजींनी तोंड उघडलं. अक्कांनी घास भरवला.

"बोलत बोलत भरव," ते म्हणाले.

आता बोलायचं काय, हे अक्कांना कुठं ठावं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज शिरूरला गेले व्हते."

"कशाला?"

"दात दुखत्यात. तोंड उघडत न्हाई."

"कवापासनं?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं. "लई दिस झाले," म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं घास गिळला. "मग मला सांगायचं न्हाई का?"