पोत्यात भरलेली अक्षरं

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटत आलं आहे आणि आजही वाटतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की म्हातारा शेवटी माफ करील. करणार नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. मराठी अक्षरं मला बायकोने शिकवली, तीही छापखान्यातल्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. चुका होतील. होऊ देत.

छापखाना तंजावरात, राजवाड्याच्या मागच्या बाजूला. माझा म्हणतो खरा, पण होता तो सासऱ्यांचा. त्यांना एकच मुलगी. पक्षाघाताने अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "जावईबापू, मशीन तुम्ही चालवा. खिळ्यांना हात मात्र तिला विचारून लावायचा."

खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. लाकडी खाने असतात, त्यात प्रत्येक अक्षराचं घर वेगळं. खिळे जुळवणाऱ्याचा हात न बघता बरोबर त्या घरात जातो. तमिळ आणि इंग्रजी खिळे तिरुच्चीत मिळायचे. देवनागरी मात्र सासऱ्यांनी तरुणपणी पुण्याहून आगगाडीने आणलेले, मांडीवर पेटी घेऊन बसून. राजांच्या काळी इकडे येऊन राहिलेल्या आमच्या मराठी लोकांच्या लग्नपत्रिका एका बाजूला तमिळ आणि दुसऱ्या बाजूला मराठी अशा निघत. ती मराठी बाजू गावात फक्त आमच्याकडे व्हायची, आणि ती जुळवायची माझी बायको. लहानपणी बाहुल्यांच्या जागी तिने खिळेच खेळवले होते.

पन्नास सालानंतर जागामालकाला तिथं कापडाचं दुकान काढायचं सुचलं. आम्हाला स्टेशनाच्या बाजूला दुसरी जागा मिळाली. आता एवढा छापखाना हलवायचा कुणी? सामान हलवून देणारा असा वेगळा माणूस गावात नव्हता. भाताच्या गिरणीतून पोती उचलून स्टेशनावर नेणारा एक लॉरीवाला होता, त्याचीच माणसं लग्नाची भांडी, दुकानांची कपाटं, सगळं न्यायची. लोक त्याला मुदलाळी म्हणत, म्हणजे शेठ. गोल चेहरा, कपाळाला विभूती, बोलणं लोण्यासारखं. मी त्याला खाने दाखवले.

"मुदलाळी, हे ताटासारखे आडवे न्यायचे. कलंडले की मी मेलो."

"रावजी, मी तिरुवैयारूहून अंडी आणतो लॉरीतून. एक फुटत नाही."

"अंडं फुटलं तर दुसरं मिळतं."

"तुम्ही म्हणजे ना!" असं म्हणून हसला आणि माझ्याच पानाच्या डब्यातलं पान खाऊन गेला.

हलवायच्या दिवशी सकाळी नव्या जागेत आम्ही दोघांनी मिळून दूध उतू घातलं. पहिल्या खेपेला मशीन आलं. ते चौथऱ्यावर बसवायला फिटर आला होता, म्हणून मी तिथंच थांबलो आणि बायको खान्यांवर नजर ठेवायला जुन्या जागेत परत गेली. दुपारी आभाळ भरून आलं. मुदलाळीला त्याच दिवशी गिरणीतून भात उचलायचं होतं. खाने आडवे नेले तर खेपा वाढणार. त्याने काय केलं? भाताची रिकामी पोती मागवली.

बायकोने हटकलं. तो म्हणाला, "अम्मा, रावजींचाच निरोप आहे. खिळे पोत्यात भरा, खाने वेगळे आणा."

"त्यांनी सांगितलं? माझ्या घरातल्यांनी?"

"मग मी खोटं बोलतो का? जाऊन विचारा."

जाणार कशी? दुकान उघडं टाकून? तिला वाटलं, मी काही वेगळी सोय केली असेल आणि तिला सांगायचं राहिलं असेल. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून तिने भरू दिले. माझं नाव घेतलं त्याने! मी तिकडे बोल्ट आवळत होतो.

पोती आली. भाताच्या पोत्याला लावतात तसे लोखंडी आकडे लावून त्याच्या मजुरांनी ती ओढत लॉरीत चढवली होती. आकड्याची भोकं पडली होती, त्यातून खिळे गळत होते. स्टेशनाच्या रस्त्यावर वेलांट्या सांडत आल्या. तमिळ, इंग्रजी, मराठी, मोठे, बारीक, सगळ्याची खिचडी. देवनागरी खिळा नाजूक, त्याच्या वरच्या मात्रा बाहेर आलेल्या असतात. त्या तुटून धान्याच्या तुसासारख्या खाली बसल्या होत्या.

मी मुदलाळीचा पंचा धरला. तो शांतपणे म्हणाला, "शिसंच आहे ना रावजी, भातासारखं कुजत नाही. आणि माझ्यावर काय ओरडता? तुमच्या अम्मांनीच सांगितलं पोत्यात भरा म्हणून."

तिला सांगितलं मी सांगितलं, मला सांगितलं तिने सांगितलं. एकाच दुपारी, एकाच तोंडाने.

एवढ्यावर थांबला असता तर शिव्या घालून मीही विसरलो असतो. पण त्याच संध्याकाळी, आम्ही पोती आत घेत होतो तोवर, तो केळी घेऊन सासऱ्यांना भेटायला गेला आणि आपली बाजू सांगून आला. आम्ही घरी पोचलो तेव्हा सासरे डोळे मिटून पडले होते. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट काढला त्यांनी. "खिळे पोत्यात घालायला लावणारी माझी मुलगी नव्हे."

"आप्पा, मी नाही सांगितलं. त्याने खोटं सांगितलं."

"तू तिथं होतीस ना?"

होती. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी सांगून पाहिलं, शेजारच्या काकांकरवी सांगवलं. मुदलाळीकडे गेलो, म्हटलं, "एकदा येऊन म्हाताऱ्याला सांग, मी खोटं बोललो म्हणून. मला दुसरं काही नको." तो म्हणाला, "मजुरांसमोर माझी काय किंमत राहील?" सासरे त्याच पावसाळ्यात गेले. मुलीशी बोलले नाहीत. तिच्या हातची पेज घ्यायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत.

ती रडली नाही. खिळे सुपात घेऊन तांदूळ निवडावे तसे निवडत बसायची. सकाळी स्वयंपाक झाला की सूप, जेवणं झाली की सूप. बोटं काळी, नखं काळी. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या, तर ही हात दाखवून म्हणायची, "या हाताने कुंकू काय लावू?" देवनागरी तिने पुन्हा खान्यांतल्या घरांत बसवली. मोडलेल्या मात्रांऐवजी कानसून कानसून दुसऱ्या बसवल्या. तिच्या बापाला ते दिसायला हवं होतं.

मी माझ्या परीने सूड घेतला. ज्याला त्याला सांगितलं. कुणी दुकान हलवतो म्हणालं की मी ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या बैलगाडीवाल्यांचा पत्ता द्यायचो. त्यांच्या जाहिराती फुकट छापल्या आणि मुदलाळीच्या लॉरीच्या शेडसमोर, त्याला रोज दिसेल अशा भिंतीवर, स्वतःच्या हाताने खळ लावून चिकटवल्या. तो फाडायचा, मी परत लावायचो. बायको म्हणायची, "अहो, खळ संपली स्वयंपाकघरातली." पण दुसरी शिजवून द्यायची.

साठनंतर नगरपालिकेची निवडणूक आली आणि मुदलाळी उभा राहिला. आमच्या वॉर्डात राजवाड्याच्या भोवतीची मराठी घरं बरीच. देवनागरी वाचणारे थोडे, पण मराठीत नाव छापून दारात आलं की म्हातारी माणसं खूश होतात. आणि मराठीत छापायचं तर आमच्याशिवाय कुठं? आला. पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, मागे चारसहा माणसं, हातात फळांची करंडी. त्याला लाज नव्हती हो.

मी तोंड उघडायच्या आधी बायकोच पुढे झाली. "या मुदलाळी. छापू की. पण तुमच्या पोत्यातले थोडे खिळे अजून निवडायचे राहिलेत. तुमच्या नावाची अक्षरं त्यातच आहेत. काढून द्या." आणि त्याच्यासमोर सूप ठेवलं.

बाहेर आमचे लोक जमले होते. मतं होती ती सगळी. निघून जावं तर अब्रू जाते. तो हसला, "अम्मा थट्टा करतात," म्हणाला आणि बसला मांडी घालून. उलटी देवनागरी त्याला काय कळणार? एक खिळा उचलायचा, उजेडात धरायचा, खाली ठेवायचा. वेष्टीला काळे डाग पडायला लागले. एक आजी दारातून म्हणाली, "अरे, शिक थोडं, नगरपालिकेत उपयोगी पडेल." सगळे हसले. मी तर पोट धरून हसलो.

घाम पुसता पुसता कपाळही काळं झालं तेव्हा तो म्हणाला, "पुरे झालं अम्मा. त्या दिवशी मजुरांनी चूक केली."

"माझ्या घरातल्यांचं नाव मजुरांनी घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "एवढी माणसं आहेत. सांगा, मी खोटं बोललो. लगेच छापते, फुकट छापते."

तो उठला. वेष्टी झटकली, डाग आणखी पसरले. "बायकांच्या नादी कोण लागतं," असं म्हणून गेला.

आणि निवडूनही आला! दुसऱ्या वॉर्डातून लॉरीत भरून माणसं आणली असतील, मला काय माहीत. आमच्या दारापुढचं गटार त्याच्या कारकिर्दीत एकदाही साफ झालं नाही. बायको नाकाला पदर लावून खिळे जुळवायची आणि म्हणायची, "एक वाक्य होतं हो. केवढंसं."

गेल्या वर्षी तिला ताप आला, उतरलाच नाही. घरात माणसं जमली होती, तिला अजून उचललं नव्हतं. मुदलाळी आला. काठी टेकत, सुनेचा हात धरून, जाईची मोठी माळ घेऊन. मी दारात आडवा उभा राहिलो.

"आधी सांग. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर."

"रावजी, आता कशाला? ती माउली गेली."

"म्हणूनच सांग. तिकडे बापाला भेटायला चालली आहे ती."

ओठ हलले त्याचे. मी वाट पाहिली, खरंच पाहिली. मग त्याने सुनेकडे पाहिलं, मागच्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला काही आठवत नाही हो."

मी त्याच्या हातातून माळ घेतली. गल्लीत एक गाय उभी होती, तिच्यापुढे टाकली. ती सावकाश खात होती आणि तो काठीवर हात ठेवून बघत होता. कुणीतरी म्हणालं, "अशा वेळी असं करू नये." मी दार लावून घेतलं आणि बायकोजवळ जाऊन बसलो.