दोषाची कोरी ओळ

मामींचा फोन आला तेव्हा सर्बियाहून मागवलेले एक पाकीट कुठवर पोहोचले, ते मी मोबाइलवर पाहत होते. पाकिटात एकच टपाल तिकीट होते. ज्यांच्यासाठी ते मागवले, ते नानामामा त्या सकाळी गेले होते...

भवानी पेठेतल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले आणि दर स्नेहसंमेलनात नाटक बसवले. उरलेला वेळ तिकिटांच्या संग्रहाचा. प्रत्येक तिकिटाखाली ते पेन्सिलने दोन ओळी लिहीत : कोणी दिले आणि दोष काय. ‘कडेचा एक दात तुटका.’ ‘कोपरा दुमडलेला.’ तिथे दयामाया नसे. वर्गात मात्र चुकीखाली ते नुसती रेघ मारत. चूक काय, हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या बेलग्रेडच्या पत्रमित्राने पाठवलेल्या पाकिटावर एका सर्बियन नाटककाराच्या स्मरणार्थ काढलेले तिकीट होते. नाटककार शिक्षकही होता, म्हणून मामा हरखले. “बघ, तिकडं नाटकवाल्या मास्तराचं तिकीट काढतात. इथं नाटक बसवलं की हेडमास्तर रजा कापतो.” त्यांचे हात थरथरत, म्हणून तिकीट पाकिटावरून सोडवण्याचे काम माझ्याकडे आले. “तू रसायनवाली की. पण घाई करू नको, लई नाजूक आहे.”

मी घाई केली. दुसऱ्या दिवशी संशोधनवृत्तीची मुलाखत होती. प्रयोगशाळेत चाचणीशिवाय कोणत्याही नमुन्याला हात न लावणाऱ्या मी, एक कोपराही आधी भिजवून न पाहता ते तिकीट कोमट पाण्यात सोडले... नाटककाराच्या कोटाचा निळा रंग पाण्यात उतरला. वाळवून, दाबून मी ते परत दिले; बोलले काहीच नाही. मामांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मुलाखत कशी झाली?”

त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत मी त्यांच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. दिसले असेल का? तसेच दुसरे तिकीट मागवून ते हाती आले की सांगू, असे मी ठरवले होते. ते आले, पण दिवसकार्य आटोपल्यावर. त्याच आठवड्यात मामींनी अल्बम माझ्यापुढे ठेवला. “तुलाच द्यायचा म्हणाले होते.”

तीन आठवडे तो उघडण्याचे धैर्य झाले नाही. काल उघडला. फिकट कोटातला नाटककार तिथे होता. खाली पत्रमित्राचे नाव, त्याखाली ‘दोष :’ आणि पुढे कोरी जागा. त्या जागेखाली मामांनी सरळ रेघ मारली होती. पानांच्या बेचक्यात टोक केलेली पेन्सिल होती...

‘रंग पाण्यात उतरला. मी न तपासता भिजवले,’ असे मी रेघेवर लिहिले आणि पेन्सिल होती तिथे ठेवली. नवे तिकीट अजून पाकिटातच आहे.