शेवट गोड कर म्हणाल्या

अक्कानं माझ्या हातातलं स्टीलचं ताट काढून घेतलं. हिसकावलं नाही. हसत, अलगद काढून घेतलं आणि कागदी प्लेट हातात दिली. वाढदिवसाला आणतात तसली, चंदेरी.

"तू ह्याच्यात घे गं बाळा. मागनं धुवायची कटकट न्हाई."

माझ्या पुढच्यांच्या हातात स्टीलची ताटं होती. मागच्यांनीही स्टीलचीच उचलली. कटकट फक्त माझ्या एकटीच्या ताटाची होती.

आदल्या दिवशी ह्याच ढिगातलं ताट मी उचललं होतं. ह्याच अक्कानं आग्रह करून मला दुसरी शेंगापोळी वाढली होती. मधे घडलं होतं एवढंच, की त्या सकाळी मी माझा लेख सगळ्यांसमोर वाचला होता.

बिदरला मैलूर भागात एका कापडव्यापाऱ्याचं घर. त्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि अक्का त्यांची बायको. सीमाभागातल्या मुलांनी मराठीत स्वतःबद्दल लिहावं म्हणून अण्णांनी तीन दिवसांची लेखन कार्यशाळा घरीच भरवली होती. जेवण घरचं. शिकवायला पुण्याहून एक लेखिका आलेल्या, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. मी ठाणाकुशनूरची. बिदरला वसतिगृहात राहून बी.ए. करते. गावी आई एकटी असते, लोकांच्या रानात खुरपायला जाते.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथं कुणी आडनाव सांगायचं नाही. इथं आपण फक्त माणसं." काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. भिंतीवर समतेचं एक कन्नड वचन मोठ्या चौकटीत लावलेलं होतं आणि त्याच्याखाली आम्ही बसलो होतो. मला वाटलं, आले बाई एकदाची माणसांत.

कॉलेजात निबंध म्हणजे माझा आवडता ऋतू. इथं कळलं, स्वतःचं आयुष्य लिहिण्याचंही तंत्र असतं. प्रसंग. तपशील. निवेदक. संवाद. वळण. मॅडम फळ्यावर एकेक शब्द लिहायच्या. आई नव्या खुरप्याची धार अंगठ्यानं बघते, तशी मी ते शब्द बघत होते. "दुःख झालं असं लिहू नका," मॅडम सांगायच्या. "त्या वेळी हातात काय होतं ते लिहा. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहा. आणि खरं लिहा."

मी खरं लिहिलं.

गावच्या जत्रेची पंगत लिहिली. आमच्या गल्लीतली माणसं जेवायला जाताना घरून ताटं न्यायची. आई आमची ताटं पदराखाली झाकून न्यायची. पळी ताटाला लागू नये म्हणून वाढपी उंचावरून आमटी सोडायचा. ती मनगटावर उडायची, चटका बसायचा. एका वर्षी, मी चौथीत होते, मी सरळ पुढच्या पंगतीत वर्गातल्या मैत्रिणीशेजारी जाऊन बसले. वाढपी ओरडला, "कुणाचं लेकरू हाय हे? उठीव त्याला." आई पळत आली. माझ्या पाठीत धपाटा घातला, वाढप्याला हात जोडले आणि मला दंडाला धरून मागं नेलं. लेखात एवढंच होतं. दुःख झालं असं मी कुठंही लिहिलं नव्हतं.

वाचून झालं तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आडनाव न सांगता मी सगळंच सांगून बसले होते, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तपशील उत्तम. पण ह्याला शेवट नाही. शेवटी निवेदक बदललेला दिसला पाहिजे. त्या वाढप्याला आज तू माफ करू शकतेस का? बघ जरा शोधून. शेवट थोडा गोड कर. राग उरला की वाचक दुरावतो."

शेवट जमला तर लेख पुस्तिकेत छापणार होते. समारोपाला वाचायलाही मिळणार होता. मला छापून यायचं होतं. फार यायचं होतं. आमच्या घरातल्या कुणाचं नाव मतदारयादी सोडली तर कुठंच छापलेलं नाही.

मग जेवणाची सुट्टी झाली, आणि अक्कानं ते ताट काढून घेतलं.

मॅडम माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं तशा त्या भाजीच्या पातेल्याकडं बघायला लागल्या. "वांगं छान दिसतंय," म्हणाल्या. आम्हाला तपशील टिपायला शिकवणारी बाई!

मी त्या प्लेटीत जेवले. हो, जेवले. गरम आमटीनं कागद मऊ पडला आणि खालून तळवा भाजला. पुन्हा तोच चटका. घास गिळत होते आणि स्वतःचीच चीड येत होती. नंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "अक्कांचं मनावर घेऊ नकोस. जुन्या वळणाच्या आहेत त्या. तू शेवटाचं बघ."

संध्याकाळी आईला फोन केला. लेखापासून प्लेटीपर्यंत सगळं सांगितलं. ती माझ्यावरच उखडली.

"ते कामून ल्हिलीस गं? माजं ताट लोकाच्या म्होरं कामून मांडलीस?"

"खरं लिव म्हणले, म्हणून लिवले."

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या जाताना आपलं ताट घिऊन जा. हाय की तुज्याकडं. म्हंजे कुणाला बोलायला जागा न्हाई."

ती टोमणा मारत नव्हती. लेकीला दोन घास सुखानं मिळावेत म्हणून अगदी मायेनं सांगत होती. फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं नाही, डोकं भणाणलं. निवेदक बदललेला दिसला पाहिजे म्हणे! माझी आई जन्मभर बदलतच आली आहे. मान खाली, आवाज बारीक, ताट पदराखाली. आणखी किती बदलायचं तिनं? ज्यांनी बदलायला पाहिजे ते आहेत तिथंच आहेत, समतेच्या वचनाखाली, हसत. आणि माफही आम्हीच करायचं? मागितली होती का कुणी माफी?

वसतिगृहाच्या खोलीत बसून मी शेवट लिहून काढला. जराही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी समारोप. हारतुरे, फोटो, अण्णा मधल्या खुर्चीत. अक्का पुढच्या रांगेत, नवी इरकल नेसून. मॅडमनी हळूच विचारलं, "झाला का गोड?" मी म्हटलं, "पूर्ण झाला."

माइकवर आधी नाव सांगितलं. आडनावासकट. मग जत्रेची पंगत वाचली, आणि न थांबता पुढं वाचत गेले. मैलूर, बिदर. कालची दुपार. हातात स्टीलचं ताट. "तू ह्याच्यात घे गं बाळा. मागनं धुवायची कटकट न्हाई." त्याच्याखाली मॅडमचं वांगं. एकही विशेषण घातलं नव्हतं. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं.

अक्का ताडकन उठली. "ज्या घरात खाल्लीस त्याच घराला नावं ठिवायलीस व्हय गं?"

अण्णा मोबाइलमध्ये बघायला लागले. मॅडम लगबगीनं माइकपाशी आल्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे फार व्यक्तिगत झालं."

"आत्मकथन आहे, मॅडम," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

कुणी टाळी वाजवली नाही.

जेवणाला ताटांच्या ढिगाशी अक्काच उभी होती, शेजारी चंदेरी प्लेटा. मी स्टीलचं ताट उचललं. तिचा हात पुढं आला, ताटाच्या काठाला लागला. मी पकड ढिली केली नाही.

"सोडा, अक्का."

तिनं सोडलं. मी पोटभर जेवले. शेंगापोळी मागून घेतली. मग उष्टं ताट मोरीजवळ नेलं आणि सगळ्यांच्या उष्ट्या ताटांच्या मधोमध सरकवून दिलं. त्यातलं माझं कुठलं, हे आता अक्काला ओळखता येणार नाही. आता एक तर सगळी ताटं टाकून द्या, नाही तर सगळ्यांत जेवा.

पुस्तिका निघाली. माझा लेख तिच्यात नाही. मॅडमचा निरोप आला होता, शेवटचं पान काढलंस तर पुढच्या वेळी नक्की घेऊ. मी पान काढलं नाही.

गावची जत्रा आता जवळ आली आहे. आईला बजावून ठेवलंय, घरून ताट न्यायचं नाही. ती घाबरते. "तमाशा व्हतंय गं," म्हणते. होऊ दे. ह्या वर्षी मी तिला घेऊन पुढच्या पंगतीत बसणार आहे. कुणी ऊठ म्हणालं तर उठणार नाही. आणि तो काय म्हणाला, त्याच्या हातात काय होतं, त्याचं नाव काय, ते सगळं लिहिणार आहे, माझ्या पूर्ण नावानिशी. माफी त्यानं मागेपर्यंत शेवट गोड होणार नाही.